विहिरीला रंग लागला

माघ सरत आला तसा हौदातल्या पाण्यावर फेस राहू लागला. गौतमी पालकाच्या जुड्या पाण्यात बुडवी, मुळांची माती खळखळून काढी आणि जुड्या उचलल्यावर पाही, तर फेस तसाच. एरवी फुटून जायचा. हा हौदाच्या कडेला जाऊन चिकटून बसे. तिनं ओला हात नाकाशी नेला. साबणाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास. तो ओळखूनही तिनं त्याचं नाव घेतलं नाही.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "पाण्याले वास येऊन रायला."

उत्तम मेथीला पाणी देत होता. त्यानं फावड्यानं एक वाफा बांधला, दुसरा फोडला, मगच मान वर केली.

"उंदीर-बिंदीर मेला असन विहिरीत."

"महिनाभर वास देते का उंदीर?"

त्यानं पुढचा वाफा फोडला. वास त्यालाही आला होता.

उत्तम तायडे मूळचा मूर्तिजापूरकडचा, बौद्ध घरातला. रेल्वेत लागला आणि बदली होऊन जयपूर विभागात आला. चाकसूच्या टप्प्यात बावीस वर्षं त्यानं चावीवाल्याचं काम केलं. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ चालायचा, ढिल्या चाव्या ठोकायच्या, भरावाखाली कुठं पाणी मुरतंय का ते बघायचं. नोकरी संपल्यावर गावी परतायचं होतं. पण लेक प्रतिमा इथंच जन्मली, इथंच शिकत होती. त्यात टोंक रोडपासून आतल्या एका ढाणीत, म्हणजे वाडीत, नंदकिशोर सैनी नावाच्या माळ्यानं शेजारचा दोन बिघ्यांचा तुकडा विकायला काढला. तायड्यांनी तो घेतला. विहीर दोघांत मिळून. सहा वर्षं दोन्ही घरं एकाच पाण्यावर भाजी पिकवत होती.

आजूबाजूच्या विहिरी कधीच आटल्या होत्या. ही नाल्याकाठची, जुन्या दगडी बांधणीची, तेवढी टिकून होती. चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला, जिथं बाजरी व्हायची तिथं, एक कॉलनी उठली. दीडशे घरं आणि फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती. तेव्हापासून विहिरीचं पाणी उलट हातभर वर आलं होतं. दोन्ही घरांना त्याचा आनंदच झाला होता.

गौतमीचा माल त्याच कॉलनीत खपे. फाटकाशी, कडुनिंबाखाली, ती पोतं अंथरून बसे. तिथल्या गिऱ्हाइकांत एक विनया मॅडम होत्या, जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पुण्याकडच्या. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा गौतमीची बोली ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, तुम्ही आमच्याकडच्या." तेव्हापासून रोज दोन शब्द मराठीत होत.

त्या सकाळी मॅडमनी पालकाची जुडी उचलली, सवयीनं हुंगली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.

"गौतमीताई, कुठलं पाणी देता याला?"

"आमच्या विहिरीचं. काहून?"

"राग मानू नका, पण गटाराचा वास येतोय."

हे त्यांनी मराठीत, हळूच सांगितलं होतं. पण बाजूच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ जी?" आणि मॅडमना खोटं बोलता आलं नाही. त्या बाईनं हातातली मेथी पोत्यावर ठेवली. दुसरीनं पिशवीत टाकलेली कोथिंबीर परत काढली आणि बोटं ओढणीला पुसली. त्या पुसलेल्या बोटांकडे गौतमी बघत राहिली. कोणी वाईट बोललं नाही. सगळ्या नुसत्या एकेक करून निघून गेल्या.

भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती उतरणीनं परत आली. पाटी नंदकिशोरच्या म्हशीपुढं रिकामी केली, तोंड धुवायला हौदाशी गेली आणि हात पाण्यात न घालताच मागे फिरली. त्या दिवसापासून प्रतिमा स्कूटीवर स्टेशनच्या नळावरून प्यायचं पाणी आणू लागली.

नंदकिशोरचा माल मंडीत जायचा. त्याचाही पालक आडत्यानं बाजूला काढून ठेवला. तो संध्याकाळी विहिरीच्या कठड्याशी आला. साठीचा माणूस, पिळदार मिशा, पायात मोजडी. बसला नाही.

"उत्तमजी, एक बात कहूँ? आपका संडास कुएँ के पास पड़ता है."

उत्तम फावडं धूत होता. "पास कहाँ? चालीस कदम है. और नीचे की तरफ है."

"फिर भी. हमारे बाप-दादा के टाइम में तो पानी में बास नहीं आई."

"तुमच्या बाप-दादाच्या टाईमाले..." उत्तम मराठीत सुरू झाला आणि थांबला. राग आला की त्याचं हिंदी संपे. गौतमी दारातून म्हणाली, "नंदकिशोरजी, आपकी भैंस भी तो वहीं बँधती है."

"भैंस का गोबर तो सौ साल से वहीं है, भाभी."

तो गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा जाताना राम-राम म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उत्तमनं पहार आणि फावडं घेतलं आणि संडासाच्या खड्ड्यापासून विहिरीपर्यंत सरळ चर खणायला सुरुवात केली. कंबरभर खोल, दीड हात रुंद. गौतमीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रुळाखाली पाणी कुठून येते ते असंच पाहात होतो आमी. खनल्याबिगर जमीन बोलत नाई."

वरची माती रेताड होती, ती सोपी गेली. खाली मुरूम लागला. पहार आपटली की ठिणगी उडे आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जात. दुपारपर्यंत त्याचे तळवे सोलले. गौतमीनं फडकं बांधलं आणि ती माती उपसायला उतरली. नंदकिशोर आपल्या बांधावर बसून हे बघत होता. विडी संपली, दुसरी संपली. मग तो उठला, घरात गेला आणि स्वतःची पहार घेऊन आला.

"हटो, उत्तमजी. आप रेलवे के आदमी हो. सब्बल ऐसे नहीं मारते."

"रेलवे में क्या हम चाय पीते थे?"

"पीते ही होंगे." असं म्हणून तो चरात उतरला.

दोघांनी दोन दिवस खणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चर विहिरीच्या बांधणीला भिडला. खड्ड्यापासून इथपर्यंत माती कोरडी ठणठणीत, मुठीत दाबली तरी गोळा होईना. नंदकिशोरनं ती माती बोटांतून गाळली, हात झटकले आणि म्हणाला, "चलो. अब मेरी भैंस के नीचे भी खोद लेते हैं."

"राहू द्या," उत्तम म्हणाला. "भैंस घबरा जाएगी."

नंदकिशोर हसला, उत्तमही हसला. गौतमीनं चहा आणला तो तिघांनी चराच्या काठावर पाय सोडून घेतला. वास कुठून येतो ते कळलं नव्हतं, पण एकमेकांकडून येत नव्हता हे कळलं होतं. गौतमीला त्या चहाची चव कितीतरी दिवसांनी चहासारखी लागली.

मग होळी झाली. धुळवडीला वरच्या कॉलनीत मोठमोठे भोंगे लागले, दुपारपर्यंत रंग चालला. नंदकिशोरच्या घरच्यांनी तायड्यांना गुलाल लावला, करंजीसारख्या गुजिया दिल्या. दिवस गेला.

धुळवडीनंतर चौथ्या सकाळी प्रतिमानं मोटर लावली आणि पाइपाच्या तोंडाशी उभी राहिली. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"आई, बाबा, जरा इकडे या. पाणी... मतलब, पाणी पिंक येतंय."

हौदात पडणारी धार फिकट गुलाबी होती. सरबतात पाणी जास्त झाल्यावर दिसतं तशी. सकाळच्या उन्हात ती फार सुंदर दिसत होती, तिघांनाही आधी तेवढंच सुचलं. नंदकिशोर धावत आला, विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाला की कोण्या पोरानं रंगाची पुडी टाकली असणार.

उत्तमनं मोटर बंद केली. त्यानं दोर कमरेला बांधला, दुसरं टोक नंदकिशोरच्या हाती दिलं आणि बांधणीच्या दगडांत पाय रोवत खाली उतरला. पाण्याच्या वर हातभर, कॉलनीच्या अंगाला, दोन दगडांमधून पाझर येत होता. दगडावर गुलाबी ओघळ उमटला होता. बाकी तिन्ही बाजू काळ्या, कोरड्या. त्यानं बोट लावलं, वास घेतला, वर येऊन बोट सगळ्यांपुढं धरलं.

"टाकलेला नाई. वरून येऊन रायला."

प्रतिमा बोटाकडे बघत होती. "बाबा, धुळवडीला कॉलनीत सगळ्यांनी एकाच दिवशी अंघोळ केली ना? दीडशे घरं. तो सगळा रंग गेला कुठं?"

गौतमीनं एक रिकामी बाटली विसळली, धारेखाली धरून भरली आणि बूच लावलं. पदर खोचला. उत्तम म्हणाला, "म्या येतो." ती म्हणाली, "तुमी चिखलानं भरले. म्या जाते."

फाटकावरच्या चौकीदारानं आज तिला पाटी नसताना पाहून अडवलं. मॅडमचं नाव सांगितल्यावर फोन केला, मग सोडलं. चार वर्षांत ती पहिल्यांदा त्या हत्तींच्या पलीकडे गेली.

विनया मॅडमनी दार उघडलं. गौतमीनं बाटली पुढं केली.

"आमच्या विहिरीचं हाय. आज सकाळचं."

मॅडमनी बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली. त्यांच्या नखांच्या कडांना अजून तोच रंग होता. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या.

"हा रंग माती धरून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "पाण्याबरोबर दूरपर्यंत जातो. पाणी कुठून कुठं जातं ते शोधायला आम्ही मुद्दाम असाच रंग सोडतो." मग आवाज खाली आला. "ताई, त्या दिवशी तुमच्या पालकाला जो वास होता, तो आमचाच होता. आणि मी तुम्हालाच सांगितलं, सगळ्यांसमोर."

"तुमाले तरी काय मालूम," गौतमी म्हणाली. पण हे ऐकून तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मॅडमनी चहा ठेवला तेव्हा तिनं नको म्हटलं नाही.

रविवारी कॉलनीची बैठक बोलावली गेली. बैठकीसाठी खुर्च्या आणायला दोन माणसं बागेमागच्या खोलीत गेली, तर मॅडम त्यांच्या मागोमाग गेल्या. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चवडी होत्या, लग्नाचे तंबू होते, आणि त्यांच्यामागे, धुळीनं माखलेल्या, कधीच न वापरलेल्या दोन लोखंडी टाक्या आणि एक पंप होता. मॅडमनी नकाशा मिळवला होता. नकाशावर त्या खोलीचं नाव होतं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. टाक्या बसवल्या होत्या, पण नळ कोणी जोडलाच नव्हता. बांधणाऱ्यानं सगळ्या घरांचा मैला कोपऱ्यातल्या एका जुन्या कोरड्या विहिरीत सोडला होता, वर फरशी टाकून त्यावर घसरगुंडी बसवली होती आणि तो निघून गेला होता.

बैठकीला तायडे नवरा-बायको आणि नंदकिशोर आले, ते भिंतीशी उभे राहिले. मॅडमनी तीन खुर्च्या पहिल्या रांगेत ओढल्या आणि त्यांना बसवलं. कॉलनीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते सभ्यपणे म्हणाले की हे आपलंच पाणी आहे याला पुरावा काय, रंग तर कुठूनही येऊ शकतो.

मॅडमनी वाद घातला नाही. स्टीलचे सहा पेले तबकात ठेवले, बाटलीतलं पाणी त्यांत ओतलं आणि तबक त्यांच्यापुढं नेलं.

"आपका नहीं है तो इनका होगा," त्या म्हणाल्या. "कुएँ का पानी है. लीजिए."

कोणी पेला उचलला नाही. अध्यक्षांची सून मागच्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "पापाजी, मैंने तो चार साल यही पालक खिलाया है आप सबको." मग मात्र बैठक लांबली नाही, टाक्या चालू करायचं ठरलं.

काम लगेच झालं नाही. पंप दुरुस्त करायचा होता, नळ जोडायचे होते, रस्ता फोडायचा होता. शीतळा मातेचा मेळा भरला आणि उठला, यात्रेच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर टोंक रोडवरून गेले, तरी कॉलनीच्या कोपऱ्यात खोदकाम चालूच होतं. रूळ सांभाळलेला माणूस म्हणून उत्तमला तिथं सगळे विचारत. उतार कुठं द्यायचा, सांधा कसा घट्ट करायचा. तो कमरेवर हात ठेवून उभा राही आणि हिंदीत एकेक शब्द तोलून सांगे. शेतात तेवढ्या दिवसांत पालेभाजी लावली नाही. झेंडू लावला. झेंडूला पाण्याच्या वासाचं काही नव्हतं, तो रसरशीत फुलला.

चैत्र संपताना शुद्धीकरणाच्या टाक्या सुरू झाल्या. कोरडी विहीर टँकरनं उपसून बंद केली. आता खालची विहीर उपसायची होती.

त्या दिवशी पहाटेपासून मोटर चालू होती. दुपारी पाणी तळाला गेलं आणि काळा गाळ दिसू लागला. उत्तम आणि नंदकिशोर खाली उतरले. गाळ गुडघ्याच्या वर होता, मऊ, थंड, घाण वासाचा. ते पाटी भरत, वरून गौतमी, प्रतिमा आणि नंदकिशोरच्या दोन्ही सुना दोर ओढत. पाटी वर येताना हिंदकळे आणि खालच्यांच्या डोक्यावर शिंतोडे पडत. खालून दोन भाषांतल्या शिव्या वर येत आणि वर बायका हसून हसून दोर सोडायच्या बेताला येत.

तिसऱ्या प्रहरी कॉलनीतून मॅडम आल्या. त्यांच्यामागे आणखी सात-आठ जण. अध्यक्षही होते, जुनी विजार घालून. ते सरळ दोराला लागले. त्यांच्या मऊ तळव्यांना घटकाभरात फोड आले. गौतमीनं स्वतःच्या पदराची चिंधी फाडून त्यांना बांधायला दिली.

संध्याकाळी तळाचा खडक लागला. उत्तमनं पाझराच्या फटीतली घाण खरवडून काढली, चुन्याच्या पाण्यानं बांधणी वरपासून खालपर्यंत धुतली. दोघं वर आले तेव्हा फक्त डोळे पांढरे होते. नंदकिशोरच्या नातवंडानं आजोबाला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं. सगळे तिथंच, गाळाच्या ढिगाशेजारी बसून दाल-बाटी जेवले.

मॅडमनी पाणी कॉलेजात नेऊन तपासलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "नाही अजून." विहीर पुन्हा उपसली. दुसऱ्यांदाही नाहीच. उत्तम चिडला, "आता काय विहिरीले साबन लावू?" गौतमी म्हणाली, "लावा. तुमीच रायले तेवढे." तिसऱ्यांदा उपसली. पाणी आता पहिल्यापेक्षा हातभर खालीच थांबलं, पण जे होतं ते काचेसारखं. वैशाखाच्या शेवटी मॅडम स्वतः उतरणीनं चालत आल्या. हातात कागद होता. लांबूनच त्यांनी तो हलवला आणि गौतमीनं वाचण्याआधीच हौदावर बसकण मारली.

"भाजीला उत्तम," मॅडम म्हणाल्या. "प्यायला उकळून. पुढच्या महिन्यात परत बघू, पण चांगलं आहे, ताई. चांगलं आहे."

प्रतिमानं बापाकडे बघून म्हटलं, "बाबा, कागदावर तुमचंच नाव आलं." उत्तम चूळ भरत होता, हसू येऊन त्याला ठसका लागला.

ज्येष्ठातल्या एका सकाळी गौतमी मेथी खुरपत होती. वरून ढोलकीचा आवाज आला आणि पंधरा-वीस बायका गाणी म्हणत उतरणीनं येताना दिसल्या. मधे अध्यक्षांची सून होती, अंगावर पिवळी, लाल ठिपक्यांची ओढणी, डोक्यावर कलश. तिला मुलगी होऊन महिना झाला होता. इकडच्या रीतीनं बाळंतीण विहिरीची पूजा करते, मगच घरातलं पाणी भरू लागते. कॉलनीत सगळ्या जणी आजवर नळालाच कुंकू लावून ही रीत उरकत होत्या.

तिची सासू पुढं आली. थोडी अडखळली.

"बहनजी, कुआँ पूजना था. आप लोग तो पूजा नहीं करते, सुना है. बुरा न लगे तो."

"बुरा कायका," गौतमी म्हणाली. मातीचे हात झाडले. "आप पूजो. पानी मैं निकाल देती हूँ."

तिनं मोटर लावली नाही. दोर बादलीला बांधला आणि हातानं पाणी शेंदलं. बादली वर आली तेव्हा त्यात सकाळचं आभाळ दिसत होतं. बायकांनी कठड्यावर हळदीचे हात उमटवले, उकडलेल्या गव्हाच्या घुगऱ्या वाहिल्या, गाण्यात विहिरीला आई म्हटलं. बाळंतिणीला वाकायचं होतं म्हणून कोणीतरी बाळ गौतमीच्या हातात दिलं. ती ते घेऊन बांधावरच्या झाडाच्या सावलीला उभी राहिली. बाळ जागं होतं. तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे एकटक बघत होतं.

कलश भरला. बाळंतिणीनं तो डोक्यावर घेतला, थोडं पाणी कपाळावर सांडलं, ती हसली. ढोलकी पुन्हा सुरू झाली आणि बायका आल्या तशा गात उतरण चढू लागल्या. पन्नास पावलं गेल्यावर गाणं एकदम थांबलं. सासू मागे वळली.

"अरे राम. जिसके लिए आए थे, वही पीछे रह गई."

सगळ्या जणी हसू लागल्या. वाफ्यात उत्तम फावड्याला टेकून हसत होता. गौतमीनं बाळाकडे पाहिलं. त्याच्या मुठीत तिच्या पोतीचा एक पदर आला होता, तो सुटेना. तिनं तो सोडवायचा फार प्रयत्नही केला नाही.

"थांबा, म्या आनते," ती म्हणाली आणि चिखलाच्या पायांनीच, बाळाला छातीशी धरून, गाण्याच्या मागोमाग उतरण चढू लागली.